नव्या मार्गदर्शक शिक्षकांसाठी

दहावीनंतरच्या मार्गदर्शनाचे काम आपण नुकतेच हाती घेतले आहे, म्हणून आग्रहाने सांगते की कोणती शाखा सुरक्षित आहे, या पालकांच्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देऊ नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी हे प्रश्नांना लेखी उत्तरे देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र आले आणि निबंध, भाषांतर, साधे प्रोग्रॅम ही कामे यंत्र करू लागले; ज्या कौशल्यांच्या भरवशावर आपण मुलांना संगणकाकडे पाठवत होतो, त्यांतलीच ही कामे होती.

त्याऐवजी मुलांना यंत्राचे उत्तर तपासायला बसवा. वाणिज्य शाखेच्या मुलांना मी जीएसटीचे बिल देते. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले, बहुतेक वस्तूंवरचा १२ टक्क्यांचा टप्पा गेला. मात्र जुन्या माहितीवर शिकलेले यंत्र तो दर अजूनही ठामपणे सांगू शकते, आणि ही चूक ज्याला हिशेब स्वतः मांडता येतो व सरकारी अधिसूचना वाचता येते, त्यालाच सापडते. म्हणूनच पाढे, ताळेबंद आणि शुद्ध मराठी लेखन यांत सवलत देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

आयटीआयच्या वीजतंत्री अभ्यासक्रमाचा पर्यायही पालकांसमोर तितक्याच आदराने ठेवा.