मुलं दहा मिनिटांत उठून जातात हो!
(घरी बसून सिनेमा: वाचकांचे प्रश्न)

प्रश्न: ताई, आम्ही नवरा-बायकोने ठरवलं की दर शनिवारी मुलांना एक जुना गाजलेला सिनेमा दाखवायचा. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी बारा. पहिल्याच शनिवारी 'द साउंड ऑफ म्युझिक' लावला, मुलगा तासाभरात झोपला, मुलगी मोबाईलमध्ये. आता शनिवार म्हटलं की दोघं पळ काढतात. आमचं काय चुकलं?

उत्तर: निवड चुकली नाही, लांबी चुकली. 1965 चा तो सिनेमा जवळजवळ तीन तासांचा आहे, आणि रात्रीच्या जेवणानंतर आठ वर्षांच्या पोराला तीन तास बसवायचं म्हणजे शिक्षाच की! तोच सिनेमा दोन संध्याकाळी अर्धा अर्धा दाखवला असता तर कदाचित गाणी म्हणत फिरला असता. आपण मोठी माणसं काय करतो, आपल्याला लहानपणी आवडलेला सिनेमा काढतो आणि मग सिनेमा सोडून पोरांच्या चेहऱ्याकडे बघत बसतो, आवडतोय का, हसतायत का, आणि ते त्यांना बरोबर कळतं.

आता छोट्यापासून सुरू करा. 'द रेड बलून' हा 1956 चा फ्रेंच सिनेमा फक्त 34 मिनिटांचा आहे. पॅरिसमधला एक मुलगा आणि त्याच्या मागे मागे फिरणारा लाल फुगा, बस एवढंच. संवाद जवळपास नाहीतच, त्यामुळे भाषेचा प्रश्नच नाही, आणि गंमत बघा, त्याला ऑस्कर मिळालं ते पटकथेचं! शेवटाकडे त्या फुग्याचं जे होतं तिथे लहान मुलं हळवी होतात, तेव्हा जवळ बसा.

मग मूकपटांच्या काळातला विनोदी नट बस्टर कीटन, त्याचा 'शेरलॉक ज्युनिअर', 1924 चा, मूकपट, साधारण 45 मिनिटं. थिएटरात सिनेमा दाखवणारा पोरगा मशिनपाशीच झोपतो आणि स्वप्नात सरळ पडद्यात शिरतो, आणि मागचं दृश्य बदलत राहतं, हा बसायला जातो तर बाकच गायब. कॉम्प्युटर नसताना हे कसं केलं असेल यावर तुमची मुलगी वाद घालेल बघा. त्यात एका ठिकाणी रेल्वेच्या पाण्याच्या टाकीतून त्याच्यावर धो धो पाणी पडतं ना, तेव्हा कीटनची मान खरोखर फ्रॅक्चर झाली होती आणि त्याला ते कळलं कित्येक वर्षांनी, डॉक्टरांनी एक्सरे बघितल्यावर. हे आधी सांगू नका, सीन झाल्यावर सांगा, लगेच रिवाइंड करायला लावतील!

एवढं पचलं की दीड तासाकडे या. 'माय नेबर टोटोरो' (1988, जपानी ॲनिमेशन, 86 मिनिटं) धाकट्यासाठी, त्यात खलनायकच नाही, मारामारी नाही, तरी नजर हटत नाही. मुलीसाठी इराणचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' (1997). भावाकडून बहिणीचे बूट हरवतात आणि मग दोघं एकच जोडी आळीपाळीने घालून शाळा गाठतात. त्यातल्या शर्यतीत भावाला पहिला नाही, तिसरा नंबर हवा असतो. का ते सांगत नाही.

प्रश्न: पीजी (म्हणजे आईवडिलांच्या देखरेखीखाली मुलांनी बघावा असं अमेरिकन सर्टिफिकेट) लिहिलेला 1970 च्या दशकातला सिनेमा भरवशाने लावला आणि पाचव्या मिनिटाला माझी सहा वर्षांची मुलगी किंचाळत आईकडे पळाली. मग ते सर्टिफिकेट काय कामाचं?

उत्तर: दादा, सर्टिफिकेटसोबत साल पण बघायचं! अमेरिकेत पीजी-13, म्हणजे तेरा वर्षांखालच्यांसाठी जास्त सावध राहा सांगणारा प्रकार, आला 1984 मध्ये, त्याआधी मधली पायरीच नव्हती, त्यामुळे आज ज्याला सहज पीजी-13 मिळेल असं बरंच काही तेव्हा पीजीमध्ये खपून गेलं. 1975 चा 'जॉज' पीजी आहे, आणि तो सुरूच होतो रात्री पोहायला गेलेल्या मुलीवर शार्कच्या हल्ल्याने. म्हणजे 84 च्या आधीचं पीजी दिसलं की आपण सावध.

पण एक सांगू का, अगदी लहानांसाठीच्या सिनेमातही भीती असते, फक्त वेगळी. 'बॅम्बी' (1942) जेमतेम 70 मिनिटांचा, गोड हरणाचं पिल्लू वगैरे, आणि मधेच त्याची आई जाते. दहा वर्षांच्या मुलाला भुताची भीती वाटते, चार-पाच वर्षांच्याला आई हरवण्याची. मी स्वतः फसलेय यात, भाचीला तो दाखवला आणि पुढचे चार दिवस ती तिच्या आईला बाथरूमलासुद्धा एकटं जाऊ देईना. तेव्हापासून मी सिनेमा आधी एकटी बघते, पूर्ण नाही तर निदान मधला आणि शेवटचा भाग, आणि दुःखाची जागा असेल तर मुलांना आधीच सांगून टाकते. सस्पेन्स गेला तर गेला.

प्रश्न: ब्लॅक अँड व्हाइट म्हटलं की नातवंडं नाक मुरडतात. रंग भरलेली कॉपी मिळते ती दाखवू का? – एक आजोबा

उत्तर: नको आजोबा. ते रंग बहुतेकदा मेकअप फासल्यासारखे दिसतात, आणि छाया-प्रकाशाचा जो खेळ कॅमेरामनने जीव ओतून केलेला असतो तो त्यात पार धुऊन जातो. त्यापेक्षा 'द विझार्ड ऑफ ऑझ' (1939) लावा. सुरुवात तपकिरी, रंगच नाही, पोरं कुरकुर करतील, करू द्या. मग घर वादळात उडतं, खाली आदळतं, डोरोथी दार उघडते आणि बाहेर सगळं रंगीत! रंग नसण्यालाही काही अर्थ असतो हे एका दारात कळतं.

नातवंडं तेरा-चौदाच्या पुढची असतील तर '12 अँग्री मेन' (1957). बारा ज्युरी (खटल्याचा निकाल ठरवणारे साधे नागरिक), एक खोली, 96 मिनिटं, नुसती चर्चा. दिग्दर्शक सिडनी ल्युमेटने सिनेमा पुढे सरकतो तशा जास्त लांब फोकसच्या (दूरचं जवळ ओढून दाखवणाऱ्या) लेन्स वापरल्या आणि कॅमेरा खाली खाली आणला, म्हणून खोली आपल्यावर चालून आल्यासारखी वाटते. छत कधी दिसायला लागतं ते नातवंडांना शोधायला सांगा.

आणि हो, टीव्हीचं सेटिंग बघा. जुन्या सिनेमाची चौकट जवळजवळ चौकोनी असते, ती ताणून पूर्ण स्क्रीनभर केली की सगळे हिरो जाडे दिसतात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्या, त्या बरोबर आहेत. शिवाय मोशन स्मूदिंग नावाचं एक भूत असतं सेटिंगमध्ये, त्याने सिनेमा टीव्ही सीरियलसारखा गुळगुळीत दिसतो, ते बंद करा.

प्रश्न: डब की सबटायटल?

उत्तर: भराभर वाचता येत नाही तोवर डब. किंवा मूकपट, मग हा प्रश्नच मिटला. घरातलं मोठं माणूस सबटायटल मोठ्याने वाचून दाखवतं तेही चालतं, फक्त प्रत्येक पात्राचा आवाज काढायची हौस आवरा, आमच्याकडे त्यापायी दोन सिनेमे अर्धवट राहिलेत.