प्राचीन ग्रीक वास्तुशैली ओळखायची कशी?

आधी खांबाचा माथा बघा. वर साधी उशीसारखी गोलाई, त्यावर चौकोनी तबकडी आणि खाली पायथा नसून खांब थेट जोत्यावर उभा असेल, तर तो डोरिक. माथ्यावर दोन्ही बाजूंना वेटोळी असतील तर आयोनिक. अकँथस या झुडपाच्या पानांचा गुच्छ असेल तर कोरिंथियन. परीक्षेपुरतं एवढं पुरे, पण खरी गंमत पुढेच आहे.

अथेन्सचं पार्थेनॉन हे देऊळ घ्या (इ. स. पू. ४४७–४३२, वास्तुकार इक्टिनोस आणि कॅलिक्रेटिस). बाहेरून ४६ डोरिक खांब, समोर ८ आणि कडेला १७. जोतं अगदी सपाट वाटतं, पण ते मध्यभागी उचललेलं आहे; लांब बाजूला सुमारे ११ सेंटिमीटर. खांब किंचित आत झुकलेले, पोटाशी जरासे फुगीर, आणि कोपऱ्यातले बाकीच्यांपेक्षा जाड. सरळ रेषा शोधायला गेलात तर फारशा सापडणार नाहीत! हे सगळं नजरेला सरळ दिसावं म्हणून केलं, असं सहसा सांगतात. मला वाटतं, दगडात जिवंतपणा आणण्याचा हेतूही असावा.

बांधकामात चुना नाही. संगमरवरी चिरे लोखंडी पट्ट्यांनी जोडून वर शिसं ओतलेलं. देवळांत कमानीही नाहीत, खांबांवर आडव्या तुळया. दगडी तुळई लांब अंतर पेलत नाही, म्हणून खांब इतके जवळजवळ.

आणि हो, ही देवळं पांढरीशुभ्र नव्हती. खांबांवरच्या दगडी पट्ट्यांवर, शिल्पांवर लाल-निळे रंग होते, ते काळाच्या ओघात उडाले.