आधी पंपवाल्याकडे जा

अरे बाबा,

मेक्सिकोतल्या नायका नावाच्या खाणीतल्या स्फटिकांच्या गुहेचा फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, सर, असलं काही बघायला मिळालं असतं तर जिऑलॉजीत राहिलो असतो. वाईट वाटलं आणि रागही आला. गोव्यात डिचोलीच्या लोखंडाच्या खाणीवर सॅम्पलच्या पिशव्यांवर मार्करने नंबर घालण्यात जन्म जाणार ही भीती कळते मला.

पण त्या फोटोत पाणी शोधलंस का? दिसणार नाही, उपसून टाकलेलं. ती शिसं, जस्त, चांदीची चालू खाण, 2000 साली 300 मीटर खाली बोगदा काढताना कामगारांना गुहा लागली, आत 11 मीटर लांब सेलेनाइटचे खांब, म्हणजे जिप्समच. खालच्या मॅग्माने तापलेलं पाणी 58 अंशांच्या जरा खाली आलं, खडकातलं अ‍ॅनहायड्राइट, म्हणजे जिप्समचंच बिनपाण्याचं रूप, विरघळत गेलं नि जिप्सम बसत गेलं, इतकं सावकाश की मीटरभर जाडीला दहा लाख वर्षांच्या आसपास लागतात असा हिशोब. पंप चालले म्हणून माणूस आत शिरला. 2015 ला खाणीत पाणी घुसलं, काम थांबलं, गुहा परत बुडाली. सगळी गोष्ट पाण्याची रे, आणि तू स्फटिक बघत बसलास!

आपल्याकडे लोखंड आणि जांभा, असले खांब मिळायचे नाहीत, सोड तो विषय. पाणी मात्र आहे. पिटच्या, म्हणजे खाणीच्या खड्ड्याच्या, तळाला मोटर किती तास चालली, पाणी लाल येतंय की स्वच्छ, खालच्या कुळागरातली, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतली, विहीर किती उतरली, हे मी रोज वहीत लिहायचो. पानांवर लाल अंगठे उठलेले. एकदा मीटिंगमध्ये ती वही उघडली तर साहेबांनी बदलीच केली माझी, प्रमोशनही गेलं. गेलं तर गेलं. बायको अजून ऐकवते, माझ्याबरोबरचे कुठल्या कुठे पोचले, ते बघून मलाही लागतं कधीकधी, पण वहीतला एक आकडा कोणी खोटा म्हणू शकला नाही. 2018 ला गोव्यातल्या खाणींच्या लीज रद्द झाल्या, पंप बंद पडले, पिट भरत गेले, तेव्हा सगळे विचारायला लागले पाणी येतं कुठून. मी आधीपासून तेच विचारत होतो ना!

म्हणून सांगतो, आधी पाणी बघ. उद्या शिफ्टला गेलास की सॅम्पल राहू देत, पंपवाल्याकडे जा, काल किती तास चालला विचार आणि लिही. तो सांगेल ते इंजिनिअर सांगणार नाही. राजीनामा द्यायचा तर दे, पण दिवाळीनंतर दे, पाऊस थांबल्यावर पाणी कसं उतरतं ते बघितल्याशिवाय जायचं नाही.