क्लासिक ३५० चे मागचे शॉकअप काढून बाहेरचे टाकावेत का?

टाका की. पण आधी तुमचं वजन सांगा.

तुम्ही लिहिलंय २०१७ ची रॉयल एनफील्ड क्लासिक, मीटरवर ४८ हजार, मागं मिसेस बसतात आणि प्रत्येक खड्ड्यात त्यांची कंबर जाते. बाहेरचे शॉकअप टाकले तर फरक पडेल का, आणि कोणत्या कंपनीचे घ्यावेत? फरक पडतो. कंपनीचं नंतर बघू. वजन मात्र तुम्ही कुठंच लिहिलेलं नाही, आणि सगळं घोडं तिथंच अडतं. मीही नव्हतं सांगितलं. मला कुणी विचारलंच नाही.

माझीही क्लासिक, २०१४ ची. मागचा डावा शॉकअप गळायला लागला. दांड्यावर तेलाची ओल, तिच्यावर धूळ बसून काळं मलम झालेलं, बोट फिरवलं की बोटाला यायचं. तेल गेलं की उरते नुसती स्प्रिंग. खड्डा मागं पडला तरी गाडी पुढं दोन-तीनदा डोलत राहायची. आमच्या दादाला दाखवलं. दादाचे टॉवेलचे माग आहेत, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. त्याच्या दृष्टीनं जगातली प्रत्येक मशीन म्हणजे माग. म्हणाला, "माझ्या स्प्लेंडरवर रोज ६० किलोचा गठ्ठा जातो, तिला काय झालं? पाना घे, पाचव्या खाचेवर टाक, विषय संपला. शॉकअपला पैसे घालतो का बे कोण?"

ही पाचवी खाच म्हणजे अर्ध्या सोलापूरचा गैरसमज आहे. खाच वाढवल्यानं स्प्रिंग कडक होत नाही. खाटेच्या पायाखाली वीट ठेवली तर खाट उंच होते, गादी आहे तशीच राहते. तसंच हे. मागं दोघं बसल्यावर गाडी जास्त दबू नये, एवढ्यासाठी त्या खाचा असतात. गळलेलं तेल त्यानं परत येत नाही. हे मी दादाला गड्ड्याच्या जत्रेत, पाळण्याच्या रांगेत उभं राहून सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग वीट ठेव."

त्या ईर्ष्येत मी १३,५०० रुपयांची जोडी उचलली. पोटाला गॅसची डबी लटकवलेली, पिवळी स्प्रिंग, खाली क्लिक मारायचा नॉब. दुकानदार म्हणाला, सगळे हेच नेतात. घरीच बसवले. गाडी डबल स्टँडवर, एका वेळी एकच बाजू, म्हणजे चाक लटकत नाही आणि दुसऱ्या बाजूची भोकं जागेवर राहतात. अर्ध्या तासाचं काम. जुन्याचे रबरी बुश चिरलेले निघाले, ते दादाच्या नाकासमोर धरले.

गुरुवारी बायकोला घेऊन अक्कलकोटला निघालो. चाळीसेक किलोमीटर. कुंभारीपर्यंत मला वाटत होतं, नवीन आहेत, बसतील. वळसंगपर्यंत बायकोनं तोंडातून शब्द काढला नव्हता. तिथं म्हणाली, "गाडी थांबवा, मी एसटीनं येते." आणि खरंच होतं तिचं. जुना गळका शॉकअप डोलायचा, हा तर उडवत होता. रस्त्याचा प्रत्येक सांधा थेट मणक्यात.

आता तुमच्या कामाचं. परत आल्यावर अंगणात टेप घेऊन बसलो. डबल स्टँडवर मागचं चाक हवेत असताना एक्सलपासून सरळ वर मडगार्डवर खडूची खूण केली आणि अंतर घेतलं. मग गाडी स्टँडवरून काढून मी बसलो, मुलानं पुढून हँडल धरलं, बायकोनं टेप वाचला. फरक ११ मिलिमीटर. आपल्या या जुन्या क्लासिकच्या मागच्या चाकाची चाल ८० मिलिमीटर आहे. बसल्यावर तिच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे साधारण २५ मिलिमीटर गाडी दबली पाहिजे. तेवढी दबली तरच चाकाला खड्ड्यात उतरायला जागा उरते. माझं वजन ६२, बायकोचं ५४. ती स्प्रिंग दोन तगडी माणसं आणि वर लडाखचं सामान यांच्यासाठी होती. आमच्या बुडाखाली ती हलतच नव्हती.

सांगायचा मुद्दा, मऊ स्प्रिंग मागवली, आणखी २,८०० गेले. एकट्याचा फरक २६ वर आला. मग नॉब. दबलेली स्प्रिंग किती वेगानं परत वर यायची ते हा ठरवतो. पूर्ण बंद करून क्लिक मोजत उघडायचा. सीटवर जोर देऊन सोडलं की गाडी एकदा वर येऊन थांबली पाहिजे. परत खाली गेली तर नॉब सैल आहे, आणि फुगलेल्या भाकरीसारखी सावकाश वर आली तर घट्ट. पुढच्या गुरुवारी बायको वळसंगला पोचेपर्यंत बोलत होती, माझ्या बहिणीबद्दल, पण बोलत होती.

म्हणून कंपनी विचारू नका. आधी वजनं सांगा, त्या वजनाला स्प्रिंगचा आकडा काय, म्हणजे ती किती कडक हवी, ते दुकानदाराला विचारा. तो "सगळ्यांना चालते" म्हणाला तर चप्पल घालून बाहेर या. थायलंडच्या वायएसएसपासून स्वीडनच्या ओहलिन्सपर्यंत खिशाप्रमाणे मिळतं, पण चुकीची स्प्रिंग ओहलिन्सची असली तरी चुकीचीच. गॅसचं फार कौतुकही नको. गॅसच्या दाबामुळं तेलाचा फेस होत नाही, लांबच्या प्रवासात ते उपयोगी, शिवाय आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला असतो. रोज ऑफिसला जाऊन येणाऱ्याला कंपनीचीच ओरिजिनल नवी जोडी पुरते. मला पुरली असती का? बहुतेक. दादाला सांगणार नाही.

घेताना वरच्या भोकापासून खालच्या भोकापर्यंतची लांबी मूळची तेवढीच ठेवा. लांब घेतली तर गाडी मागून उचलली जाते, साइड स्टँडवर नको तेवढी कलते, डबल स्टँडवर मागचं चाक नीट सुटत नाही. चेनचा ढिलेपणाही परत बघून घ्या. आणि टायरची हवा पुस्तकात लिहिल्याएवढीच. पंपावरचा पोरगा विचारल्याशिवाय ४० मारतो, मग कुठलाही शॉकअप टाका, कंबर जाणारच.

एक राहिलंच, खरं तर हे पहिल्यांदा सांगायला हवं होतं. गाडी डबल स्टँडवर लावा, मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवून बघा. खटखट लागली तर चिमट्याचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दोन फाट्यांच्या लोखंडी दांड्याचे, बुश गेलेत. ते तसेच ठेवून वर महागाचे शॉकअप टाकले तर गाडी वळणावर शेपूट हलवतच राहते. माझी हलवत होती. स्प्रिंग बदलून सगळं झाल्यावरही मी महिनाभर नॉबच फिरवत बसलो होतो. बुश किरकोळ पैशांत झाले, फरक मात्र चांगलाच पडला. ती खटखट कुणी पकडली ते विचारू नका. मागाच्या आवाजावरून कुठला पट्टा सैल झालाय ते सांगणारा माणूस घरात असला की असं होतं.

पण त्याच्याही स्प्लेंडरचे शॉकअप दिवाळीत गेलेच. गुपचूप बदलून आणले, मला शेजाऱ्याकडून कळलं. विचारलं, जोडी बदललीस ना? म्हणाला, "एकच. दुसरा चांगलाय की."