बी.एड.ला आहे. विज्ञानाच्या तासाला मुलं रंगून जातील असा पाठ आखायला कसं शिकू?

तुम्ही लिहिलंय की टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, चोख असतं, साहित्यही नेता, तरी दहा मिनिटांत मागचे बाक कुजबुजायला लागतात. माझंही तेच व्हायचं. चौदा वर्षं विज्ञान शिकवतेय, पण पाठ आखायला शिकले ते एका फसलेल्या सरावपाठामुळे, तोच सांगते.

इयत्ता सातवी, हवेचे घटक. ताटलीत रंगीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर काचेचा पेला उपडा. ज्योत विझली, पाणी पेल्यात चढलं, टाळ्या पडल्या. मी टाचणाबरहुकूम सांगून मोकळी झाले: ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली, म्हणून पाणी एक पंचमांश चढलं. फळ्यावर "हवेत ऑक्सिजन 21 टक्के" असं लिहिलंसुद्धा. तेवढ्यात खिडकीजवळचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, तीन मेणबत्त्या लावल्या तर?" पिशवीत दोन जादा होत्या. लावल्या. पाणी मघापेक्षा चांगलंच वर गेलं. "पण ऑक्सिजन तर तेवढाच होता ना?"

मागे निरीक्षणाला आमचे प्राध्यापक बसलेले. "ते पुढच्या तासाला बघू," म्हणाले मी. पुढचा तास माझा नव्हताच.

त्या रात्री ओट्यावर तोच प्रयोग दहाबारा वेळा केला. ज्योत जळत असते तेव्हा पाणी फारसं हलतच नाही, विझल्यावर सर्रकन चढतं. पेला टेकवताना कडेने बुडबुडेही निघतात. म्हणजे ज्योतीने तापून फुगलेली हवा पेल्यात अडकते, थोडी बाहेर निसटते आणि ज्योत विझल्यावर उरलेली गार होऊन आकसते. तीन मेणबत्त्या म्हणजे जास्त तापलेली हवा. ऑक्सिजन तर सगळा संपायच्या बराच आधी ज्योत विझते, आणि त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड तयार झालेला असतोच. इतकी वर्षं पाठ केलेलं स्पष्टीकरण चुकीचं होतं, आणि ते पकडलं सातवीतल्या पोराने!

तेव्हापासून प्रयोग आदल्या रात्री करून बघते आणि मुद्दाम बिघडवूनही बघते. पेला मोठा घेतला तर? पाणी गरम असलं तर? या "तर"मध्येच तास दडलेला असतो.

दुसरी गोष्ट टाचणाची. विद्यार्थी कृतीच्या रकान्यात आपण सगळे बरोबर उत्तरंच लिहितो, जणू वर्गात चाळीस हुशार पुतळे बसलेत. तिथे मुलं काय चुकीचं बोलतील ते लिहा. बर्फाच्या पाण्याच्या पेल्याला बाहेरून थेंब का येतात, विचारलं की कुणीतरी हमखास म्हणतं, पाणी पाझरलं. मग पाण्यात आधीच लाल रंग घालून ठेवायचा. बाहेरचा थेंब पांढऱ्या रुमालाने पुसायचा एका मुलीने, आणि रुमाल सगळ्या बाकांवरून फिरवायचा. हे आधी सुचलेलं असलं तरच रंग पिशवीत असतो.

हेतुकथनाचं मात्र जरा जपून. "आज आपण संघनन अभ्यासणार आहोत" असं फळ्यावर लिहिलं की गंमत तिथेच संपते. तिथे प्रश्न लिहा आणि प्रयोगाआधी हात वर करून अंदाज घ्या, आकडे फळ्यावर मांडा. पैज लागली की पोरं डोळे काढत नाहीत. प्राध्यापकांना साचा हवा असतो, त्यावरून वाद घालू नका. प्रस्तावना, हेतुकथन, संकलन सगळे मथळे राहू द्या, आत काय घालायचं ते तुमच्या हातात आहे.

साहित्यासाठी अरविंद गुप्तांची टाकाऊतून केलेली खेळणी बघा, त्यांची वेबसाइट फुकट आहे. पुण्याच्या आसपास असाल तर आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत एकदा जाऊन या.

आणि 21 टक्क्यांचा पाठ आलाच, तर मेणबत्ती घरी ठेवा. लोखंडाचा कीस व्हिनेगरमध्ये बुडवून, झटकून परीक्षानळीच्या तळाशी दाबा, नळी पाण्यात उपडी उभी करा आणि एकदोन दिवस तशीच ठेवा. कीस गंजताना ऑक्सिजन खरोखरच शोषला जातो आणि पाणी साधारण पाचवा हिस्सा चढतं. भांड्यांची स्टेनलेसची घासणी नेऊ नका, ती गंजत नाही. मी नेली होती.