पोर्टल म्हणतं पैसे दिले, पासबुक म्हणतं आले नाहीत

अरे-तुरे करते, राग मानू नकोस. माझा धाकटा भाऊ तुझ्याच वयाचा आहे.

पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाला कुठे काय सवलतीत मिळतं आणि काय फुकट मिळतं, असं तू विचारलंयस. बाकीच्यांनी गाण्यांच्या ॲपपासून पिझ्झ्यापर्यंत यादी दिलीच आहे. मी मात्र तुझ्या शेवटच्या ओळीपाशी थांबले. ती तू जाता जाता लिहिलीयस: महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्यांच्या पोर्टलवर) वसतिगृह निर्वाह भत्ता ‘वितरित’ दाखवतंय, पासबुकात एंट्री नाही आणि बँक म्हणते ‘आधार लिंक आहे, आमच्याकडून काही अडचण नाही’. हे वाक्य मी एका बँकेच्या शाखेत इतकं ऐकलंय की काउंटरवरचा माणूस तोंड उघडायच्या आधी मला पाठ असायचं. पिझ्झ्यावरची वीस टक्के सूट राहू दे बाजूला, आधी हे बघ.

अर्ज कसा भरायचा, कागद कोणते, हे सांगत बसत नाही. दुसऱ्या वर्षाला आलायस, म्हणजे ते तू केलंयस.

शिष्यवृत्तीचे पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत, आधार क्रमांकावर जातात. एनपीसीआयकडे (बँकांमधली देवाणघेवाण चालवणारी संस्था) एक नोंद असते, की या आधार क्रमांकाचे सरकारी पैसे अमुक बँकेत टाकायचे. एका आधारला एकच बँक. तुझी चार खाती असोत आणि चारही ठिकाणी आधारची झेरॉक्स दिलेली असो, पैसे त्या एकाच बँकेत जाणार. आणि ती बँक बहुतेक वेळा शेवटी ज्यांनी तुझं आधार तिथे जोडून घेतलं ती असते.

म्हणजे ‘आधार लिंक आहे’ या वाक्याचे दोन अर्थ झाले. एक, केवायसीसाठी बँकेच्या संगणकात तुझा आधार क्रमांक भरलेला आहे. दुसरा, सरकारी अनुदानासाठी एनपीसीआयकडे याच बँकेचं नाव लागलेलं आहे. याला सीडिंग म्हणतात. काउंटरवरचा माणूस पहिलं बघून उत्तर देतो आणि तुला हवं असतं दुसरं.

माझ्या बाबतीत झालं ते असं. वडील अल्पभूधारक, दोन एकर कोरडवाहू, त्यामुळे डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यात मी बसत होते. तेव्हा पुण्यात शिकणाऱ्या अल्पभूधारकांच्या मुलांना १० महिन्यांचे ३०,००० मिळायचे (आता रक्कम आणि नियम दोन्ही बदललेत, चालू जीआर बघ). पोर्टलवर पहिला हप्ता जमा झाल्याचं दिसलं, खात्यात काही नाही. बँकेत गेले. काउंटरवरच्या साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवला: आधार, समोर ‘येस’. माझ्याच आधारच्या झेरॉक्सवर ‘लिंक्ड’ असं पेनाने लिहिलं, शिक्का मारला आणि ‘कॉलेजला दाखवा’ म्हणाले. कॉलेजच्या स्कॉलरशिप खिडकीवर तो शिक्का दाखवला. तिथल्या बाई म्हणाल्या, आमच्या डेस्कवरून फाइल केव्हाच पुढे गेलीय, बँकेलाच विचारा. परत बँक. ‘मॅडम, एकदा सांगितलं ना, लिंक आहे. पुढचे!’

मधल्या काळात मेसची थकबाकी आणि सेमिस्टरची फी एकदमच अंगावर आली. फी भरल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म पुढे जाईना. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, गावात एकाकडून व्याजाने पैसे उचलले. हप्ता नंतर हातात आला त्यातला बराचसा त्या व्याजातच गेला. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. सरकारने दिले होते रे पैसे, वेळेवर दिले होते.

कोडं सुटलं ते हॉस्टेलमधल्या एका सीनियरमुळे. तिने माझ्या मोबाइलवर यूआयडीएआयची (आधार देणारी सरकारी संस्था) ‘माय आधार’ साइट उघडली, ओटीपी टाकायला लावला आणि ‘बँक सीडिंग स्टेटस’वर टिचकी मारली. तिथे भलत्याच बँकेचं नाव! एक पेमेंट्स बँक, म्हणजे मोबाइल कंपन्या वगैरे चालवतात तसली छोटी बँक. मी म्हटलं माझं असलं खातंच नाही. मग आठवलं, तालुक्याच्या गावी नवीन सिम घेताना दुकानदाराने मशिनवर अंगठा ठेवायला सांगितलं होतं, पुन्हा एकदा ठेवायला सांगितलं होतं, आणि ‘खातं पण निघालं बघा, फ्री’ असं काहीसं म्हणाला होता. ते सिम पुढे बंद पडलं, म्हणून पैसे आल्याचा मेसेजही कधी आला नाही. पैसे तिथे गुपचूप पडून होते.

आता तू काय करायचंस. बँकेत जायच्या आधी ती साइट उघड. आधारला मोबाइल नंबर जोडलेला असावा लागतो. नसेल तर आधी आधार केंद्रावर जाऊन ते काम उरक. स्टेटसमध्ये बँकेचं नाव दिसेल, चालू आहे की बंद तेही दिसेल. पानाची प्रिंट काढ.

नाव दुसऱ्याच बँकेचं असेल तर आलेला हप्ता तिकडेच असण्याची शक्यता जास्त. तो त्या बँकेतूनच काढावा लागेल, सीडिंग बदललं म्हणून जुने पैसे आपोआप उठून नव्या खात्यात येत नाहीत. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी आधी सीडिंग बदललं आणि पैसे येतील म्हणून वाट बघत राहिले. नाव तुझ्याच बँकेचं असेल पण स्टेटस बंद असेल, तर वेगळी भानगड: पैसे परत गेले असतील, तेव्हा सीडिंग चालू करून घे आणि पोर्टलवर तक्रार टाक. आणि नाव बरोबर, स्टेटसही चालू, तरी पैसे नाहीत, असं असेल तर माझा अनुभव तुझ्या कामाचा नाही. दुसरं कोणी सांगेल.

बँकेत गेल्यावर ‘आधार लिंक करायचंय’ असं म्हणूच नकोस. ‘डीबीटीसाठी एनपीसीआय सीडिंगचा फॉर्म द्या’ म्हण (डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात). त्या संमतीपत्रात नवीन सीडिंग आणि एका बँकेतून दुसऱ्या बँकेत बदल असे वेगवेगळे पर्याय असतात. तुला बदलाच्या चौकोनात खूण करायचीय आणि आधीच्या बँकेचं नाव लिहायचंय. प्रिंट त्यासाठीच. मी पहिल्यांदा भरलेल्या फॉर्मवर त्या साहेबांनी स्वतःच्या हाताने ‘नवीन’वर खूण केली आणि ते अर्थातच कुठेतरी अडकून पडलं. एनपीसीआयच्या साइटवर ‘बेस’ नावाची सोय आहे, घरबसल्या सीडिंग बदलता येतं, पण तुझी बँक त्यात आहे का ते तिथेच बघ.

अर्ज दोन प्रतींत ने. एका प्रतीवर पोच घे: शिक्का, सही, तारीख. पोच द्यायला खळखळ करतात, करू देत. ३० दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही किंवा उडवाउडवीचं दिलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट. ही एकात्मिक लोकपाल योजना नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. शाखा व्यवस्थापकाला शांतपणे ‘मग मी लोकपालाकडे टाकते’ म्हटल्यावर माझ्या फॉर्मवर दुपारीच सही झाली होती. आवाज चढवू नकोस, फक्त पोच दाखव.

(मी बँकेत नाही, सरकारी नोकरीतही नाही. सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. नियम दरवर्षी हलतात, त्यामुळे माझ्या शब्दावर विसंबून कुठे भांडू नकोस, छापील कागद घेऊन भांड.)

आता तुझा मूळ प्रश्न. माझं स्पष्ट मत असं की विद्यार्थी सवलत म्हणून जे काही ऑनलाइन मिरवलं जातं त्यातलं निम्मं तुला जास्त खर्च करायला लावण्यासाठी असतं. लॅपटॉपवरची ‘स्टुडंट प्राइस’ दिवाळीच्या सेलमधल्या किमतीशी ताडून बघ, मग ठरव. मोफत लॅपटॉप योजनेचे जे मेसेज फिरतात त्यांच्या लिंकवर तर बोटही लावू नकोस; केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने असले मेसेज अनेकदा खोटे म्हणून जाहीर केलेत.

खरंच उपयोगी पडतं ते सॉफ्टवेअर. तू कॉम्प्युटरचा असशील तर गिटहबचा (कोड ठेवायची साइट) स्टुडंट पॅक आजच घे, त्यात विद्यार्थ्यांना बरीच टूल्स फुकट मिळतात. प्रोफाइलवरचं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी जुळलं पाहिजे, नाहीतर अर्ज नाकारतात. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये असतं-नसतं, तिथेच घोटाळा होतो. आयडीचा फोटो उजेडात, मोबाइलने काढलेला, कॉलेजच्या आवारात बसून पाठव. जेटब्रेन्सची कोड लिहायची टूल्स विद्यार्थ्यांना फुकट आहेत. मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांना ऑटोडेस्कचा (ऑटोकॅड बनवणारी कंपनी) शैक्षणिक परवाना मिळतो, वर्षाचा असतो आणि शिकत असेपर्यंत नूतनीकरण करता येतं. क्रॅक मारलेलं ऑटोकॅड टाकून व्हायरस ओढवून घेणारी मुलं बघितली की मला कळतच नाही, फुकट मिळतंय तर चोरी कशाला?

एनपीटीईएलची (आयआयटी वगैरेंचे ऑनलाइन कोर्स) व्याख्यानं बघायला पैसे लागत नाहीत, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तर शुल्क आहे. माझ्या वेळी एका कोर्सला १,००० होतं. क्रेडिटसाठी कॉलेज मान्य करतं का हे आधी विचार, नुसत्या भिंतीवर लावायला हजार रुपये घालवू नकोस. इंग्रजीतून शिकताना जड जात असेल (मला पहिल्या वर्षी फार गेलं) तर आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्यूटोरियल’ मराठीतही आहेत. पायथन, सी, लिनक्स. आवाज जरा कंटाळवाणा आहे, पण एकेक स्टेप सोबत करता येते.

आणि कॉलेजच्या ग्रंथपालांशी ओळख वाढव. अख्ख्या कॉलेजात सगळ्यात कमी वापरला जाणारा माणूस. कॉलेज एन-लिस्टचं (कॉलेजांसाठी ई-पुस्तकं-जर्नल्स पुरवणारी योजना) सदस्य असेल तर तुला घरून ई-पुस्तकं उघडायला लॉगिन मिळू शकतं. आर्ट्स-सायन्सच्या अनुदानित कॉलेजांत ते बहुधा असतं, विचारायला कोणी जात नाही इतकंच. तुझं कॉलेज सरकारी असेल तर १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मध्ये ३० प्रकाशकांची १३,००० च्या आसपास संशोधनाची जर्नल्स मिळताहेत. प्रोजेक्टच्या वेळी आठवण काढशील. प्रबंध बघायचे असतील तर शोधगंगा सगळ्यांना खुलं आहे.

प्रवासाचं थोडक्यात. पुणे मेट्रोत विद्यार्थ्यांना ३० टक्के सवलत आहे. गावी जायला रेल्वेने जात असशील तर कॉलेजकडून सवलतीचा दाखला घे. सुट्टीत घरी जाताना सेकंड आणि स्लीपरला निम्मं भाडं लागतं, एससी-एसटी मुलांना ७५ टक्के सूट. वयाची अट खुल्या गटाला २५. हे तिकीट खिडकीवरच काढावं लागतं, मोबाइलवर ही सवलत मिळत नाही, म्हणून निम्मी मुलं नाद सोडतात.

बहीण अकरावीला आहे म्हणालास. गावाहून एसटीने कॉलेजला जात असेल तर अहिल्याबाई होळकर योजनेचा पास मुलींना बारावीपर्यंत फुकट आहे. बाकी विद्यार्थ्यांना मासिक पासवर साधारण दोन तृतीयांश सूट. तिला पुढे इंजिनिअरिंग-फार्मसीला घालायचा विचार असेल तर घरी हे नक्की सांग: ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅप राउंडमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की गेलं. आमच्या नात्यात एकीचं तसंच झालं, एजंटाने ‘नंतर स्कॉलरशिप करून देऊ’ म्हणून सांगितलं होतं. उत्पन्नाचा दाखला मार्च-एप्रिलमध्येच सेतूत टाकून ठेवा, जूनमध्ये तिथे उभं राहायलाही जागा नसते.

आणि तिचं सीडिंगही आताच तपासून घे. नवीन सिम घेतलंय का तिने इतक्यात?

साइट उघडून जे दिसेल ते कळव. बँकेचं नाव लिहायची गरज नाही, ‘माझीच’ किंवा ‘दुसरीच’ एवढं पुरे. आधार क्रमांक आणि पासबुकाचा फोटो चुकूनसुद्धा टाकू नकोस. आणि या शनिवारी जायचा विचार असेल तर कितवा शनिवार आहे ते बघून जा. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात.