फ्लॅटमधलं वायफाय सारखं तुटतं, प्रिंटर दिसत नाही, स्मार्ट प्लग जोडला जात नाही. नवा राउटर घेऊ का?

नका घेऊ, निदान आत्ता तरी. तुमच्या प्रश्नात तीन वेगळी दुखणी आहेत आणि नवा राउटर त्यातलं फार तर एक बरं करेल.

तुम्ही लिहिलंय ते असं: अंधेरी पूर्वेला टू बीएचके, २०० एमबीपीएसचं फायबर, कंपनीने दिलेला डबा हॉलमध्ये टीव्हीच्या मागे, त्याला वायरने जोडलेला तुमचा आधीचा राउटर पॅसेजमध्ये. बेडरूममध्ये ऑफिसचा कॉल मधेच गोठतो, प्रिंटर कधी सापडतो कधी नाही, नवा स्मार्ट प्लग तर जोडलाच जात नाही. आणि कस्टमर केअरवाले म्हणतात, "सर, लाइन ओके आहे."

मी घरांची आणि लहान ऑफिसांची नेटवर्कची कामं करतो. लोक स्पीडच्या मागे लागून प्लॅन वाढवतात आणि तुटायचं ते तुटतच राहतं, हे नेहमीचंच झालंय. व्हिडिओ कॉलला चार एमबीपीएस मिळाले तरी भागतं. बहुतेक घरांत राउटर पहिल्या दिवसापासून 'ऑटो'वर सोडलेला असतो. तो आपल्या मनाने चॅनल बदलतो, उपकरणांना एका बँडवरून (वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांपैकी) दुसऱ्यावर ढकलतो, आज एक पत्ता देतो उद्या दुसरा. कनेक्शन टिकायला हवं असेल तर यातले बरेचसे निर्णय त्याच्या हातातून काढून घ्यायला लागतात.

पण आधी तुटतंय कुठे ते बघा. बेडरूममध्ये लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला पिंग लावा, म्हणजे पुन्हा पुन्हा हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते बघा (पत्ता म्हणजे आयपीकॉन्फिग टाइप केलंत की 'डिफॉल्ट गेटवे'समोर जो दिसतो तो), दुसरीत ८.८.८.८ ला (हा बाहेरचा, गूगलचा पत्ता). शेवटी स्पेस देऊन हायफन टी लावायला विसरू नका, नाहीतर चार ओळींत थांबेल. दोन्ही शेजारी ठेवून कॉल सुरू करा. कॉल अडकला त्या क्षणी राउटरच्या खिडकीतही 'रिक्वेस्ट टाइम्ड आऊट' आलं, किंवा एरवी दोन-पाच मिलिसेकंदांत येणारं उत्तर अचानक तीनशे-चारशेवर गेलं, तर गडबड तुमच्या घरातल्या हवेत आहे. राउटरची खिडकी शांत आणि ८.८.८.८ ची तेवढी अडकली, तर राउटरच्या पलीकडे. ही चाचणी केल्याशिवाय एकाही सेटिंगला हात लावू नका. नाहीतर कशाने काय सुधारलं ते कधीच कळत नाही.

कस्टमर केअरवाले खोटं बोलत नसतात. त्यांना स्क्रीनवर तुमच्या डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद दिसते, आणि ती बरी असली की त्यांच्या लेखी विषय संपतो. हा आकडा बऱ्याच डब्यांत सेटिंगच्या पानावर तुम्हालाही दिसतो, 'आरएक्स ऑप्टिकल पॉवर' अशा नावाने. उणे वीसच्या आसपास असेल तर उत्तम. उणे सत्तावीसला टेकला असेल तर तक्रार जरूर करा. त्याआधी डब्यात शिरणारी बारीक फायबरची वायर मात्र बघून घ्या. एका घरी ती टीव्ही युनिटच्या मागच्या खिळ्याला चपलेच्या नाडीसारखी गुंडाळलेली होती, वरून सेट टॉप बॉक्सचं वजन. फायबर अशी करकचून वळली की प्रकाश वळणातून बाहेर निसटतो. हिरवं टोपण न उपसता ती वायर सैल केली, मोठं वेटोळं करून ठेवली, आणि तिथला आकडा तिथल्या तिथे सुधारला.

तुमच्या वर्णनावरून मला वाटतं तुमचा दोष घरातल्या हवेतच आहे. टीव्हीच्या मागे ठेवलेला डबा म्हणजे समोर मोठ्ठा धातूचा पडदा. त्यात आपल्याकडे भिंती विटांच्या, खांब आणि बीम सळयांचे, मधे एखादं लोखंडी कपाट. आरसाही वाईट, कारण त्याच्या मागे धातूचा थर असतो. डबा टीव्हीच्या बाजूला, उघड्यावर, डोक्याच्या उंचीला आणा. मग मोबाईलवर एखादं वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅप घेऊन घरभर फिरा आणि डीबीएमचे, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचे, आकडे बघा (आयफोनवर ही अ‍ॅप्स नीट चालत नाहीत, घरात कुणाचा अँड्रॉइड असेल तर तो घ्या). उणे ५० म्हणजे राउटरच्या पुढ्यात बसल्यासारखं. उणे ६७ पर्यंत कॉल निर्धास्त चालतो. उणे ७५ च्या खाली गेलात की स्क्रीनवर दोन काड्या दिसत असल्या तरी त्यांना काही अर्थ नाही.

आता सेटिंग. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, नाहीतर डब्याच्या खालच्या स्टिकरवर जो पत्ता असेल तो टाका (आकडे अर्थात इंग्रजी). पासवर्डही बहुधा त्याच स्टिकरवर असतो, आणि तो तसाच ठेवला असेल तर आधी बदला.

सगळ्यात मोठी भानगड मला दिसते ती तुमच्या दोन राउटरांची. दोन्ही जण राउटरचंच काम करतायत, म्हणजे घरात दोन वेगळी नेटवर्कं आहेत. प्रिंटर डब्याच्या वायफायवर, लॅपटॉप पॅसेजमधल्या राउटरवर. लॅपटॉप प्रिंटरला शोधायला जी हाक मारतो ती राउटर ओलांडून पलीकडे जात नाही, म्हणून प्रिंटर 'गायब'. तुम्ही हॉलमध्ये आलात आणि लॅपटॉपने डब्याचं वायफाय पकडलं, की प्रिंटर हजर! 'कधी सापडतो कधी नाही' त्याचं गुपित बहुतेक एवढंच. पॅसेजमधल्या राउटरच्या पानावर 'ऑपरेशन मोड' शोधा आणि 'अ‍ॅक्सेस पॉइंट' निवडा, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न बनवता नुसतं डब्याचंच नेटवर्क हवेत पसरवेल. जुन्या मॉडेलमध्ये तसा पर्याय नसेल तर त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ असा करा (डब्याचा १९२.१६८.१.१ असेल असं धरून), त्याचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटायचं काम) बंद करा आणि डब्याकडून येणारी वायर निळ्या किंवा वेगळ्या रंगाच्या वॅन पोर्टमधून (इंटरनेट आत घ्यायचं भोक) काढून साध्या लॅन पोर्टमध्ये (घरातली उपकरणं जोडायचं भोक) घाला. क्रम हाच ठेवा. आधी वायर हलवलीत तर थोडा वेळ घरात पत्ते वाटणारे दोघे होतील आणि गोंधळ वाढेल.

मग प्रिंटरला कायमचा पत्ता द्या. डब्याच्या डीएचसीपीच्या पानावर 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' असतं, तिथे यादीतून प्रिंटर निवडायचा. लाइट गेली, राउटर नव्याने सुरू झाला, तरी प्रिंटर त्याच पत्त्यावर सापडेल. लॅपटॉपमध्ये जुना प्रिंटर काढून तो याच पत्त्याने नव्याने जोडा. मोबाईलसाठी हे करायच्या फंदात पडू नका. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला खोटा मॅक पत्ता (राउटर ज्यावरून उपकरण ओळखतो तो क्रमांक) दाखवतो, त्यामुळे राउटरच्या यादीत एकच फोन दोन नावांनी दिसला तर घाबरूही नका.

चॅनलबद्दल थोडं सविस्तर, कारण मुंबईच्या इमारतीत खरी मारामारी इथे आहे. २.४ गिगाहर्ट्झला आपल्याकडे तेरा चॅनल आहेत, पण ते एकमेकांपासून पाच-पाच मेगाहर्ट्झवर, आणि एक राउटर निदान वीसची जागा खातो. म्हणून एकमेकांवर न चढणारे खरे तीनच: १, ६ आणि ११. अ‍ॅनालायझरमध्ये पाहिलंत तर शेजारचे, वरचे, खालचे राउटर या तिघांवर गर्दी करून बसलेले दिसतील, आणि ३ किंवा ८ रिकामा दिसेल. तिथे जायचा मोह होतो. जाऊ नका. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकच माईक असला की लोक कुरकुरत का होईना पाळीपाळीने बोलतात, पण शेजारच्या हॉलमध्ये कुणी लाऊडस्पीकर लावला तर इकडे कुणालाच काही कळत नाही. एका चॅनलवरचे राउटर एकमेकांना ऐकून थांबतात. ३ वर बसलात तर १ आणि ६ वाल्यांचं बोलणं तुम्हाला नुसता गोंगाट म्हणून येतं आणि तुमचं त्यांना. तेव्हा १, ६, ११ पैकी ज्यावर शेजाऱ्यांचे आकडे सगळ्यात क्षीण तो निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ४० केली की जाहिरातीतला वेग मिळतो म्हणतात, इमारतीत तो फक्त भांडणं मिळवून देतो. डबा आणि पॅसेजमधला राउटर यांना दोन वेगळे चॅनल द्या. स्वयंपाकघर बेडरूमच्या वाटेत असेल तर मायक्रोवेव्हही लक्षात ठेवा. तोही याच २.४ च्या पट्ट्यात काम करतो.

५ गिगाहर्ट्झला जागा पुष्कळ. रुंदी ८० ठेवा आणि चॅनल ३६ किंवा १४९. मधले, ५२ ते १४४, टाळा. हे रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. तिथे बसलेल्या राउटरला रडारची चाहूल लागली की चॅनल सोडून उठावंच लागतं, आणि नव्याने यातल्या चॅनलवर बसायचं तर आधी निदान एक मिनिट नुसतं ऐकत राहावं लागतं. तेवढ्यात तुमचा कॉल गेला. तुमच्या भागात याला जरा जास्त अर्थ आहे: वेरावलीला हवामान खात्याचं २०२२ मध्ये सुरू झालेलं रडार सी-बँडचं, म्हणजे याच ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचं आहे, विमानतळही हाकेच्या अंतरावर. तुमचा कॉल त्यानेच तुटतो असं मी म्हणत नाही, पण ऑटोवर ठेवलेला राउटर याच चॅनलवर जाऊन बसू शकतो.

स्मार्ट प्लग. स्वस्तातल्या जवळपास सगळ्या प्लग-बल्बांत फक्त २.४ चा रेडिओ असतो. ५ चं नेटवर्क त्यांच्या गावीही नसतं. राउटरमध्ये 'स्मार्ट कनेक्ट' किंवा 'बँड स्टिअरिंग' चालू असलं की दोन्ही बँडचं नाव एकच दिसतं, फोन ५ वर बसलेला असतो, आणि अ‍ॅप प्लगला तिकडेच बोलावत राहतं. ते बंद करा आणि दोन नावं वेगळी करा, उदाहरणार्थ 'घर' आणि 'घर५', पण इंग्रजी अक्षरांत. नावात मराठी अक्षरं, इमोजी, स्पेस असलं काही ठेवू नका, बऱ्याच उपकरणांना ते पचत नाही. २.४ ची सुरक्षा डब्ल्यूपीए२ आणि एईएस ठेवा. डब्ल्यूपीए३ किंवा दोन्हींचं मिश्रण ठेवलं की जुनी उपकरणं पासवर्ड बरोबर असूनही 'चुकीचा पासवर्ड' म्हणतात. फोन २.४ वर आणा, मोबाईल डेटा बंद करा, मग प्लग जोडा. प्लग, टीव्ही, प्रिंटर कायम २.४ वर राहू देत. लॅपटॉपला मात्र फक्त ५ चंच नाव शिकवा आणि २.४ चं 'फर्गेट' करा, म्हणजे दोन्हींमध्ये हेलकावे खाणार नाही.

लॅपटॉपमध्ये आणखी एक चोर असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी देणारी खूण असेल तर काढून टाका. हा टॅबच दिसला नाही तर सोडून द्या, नव्या लॅपटॉपांत बहुधा नसतो.

एवढं करूनही बेडरूममधला आकडा उणे ७५ च्या खालीच राहिला तर पैसे खर्चायची वेळ आली. तरीही राउटरवर नको. रिपीटरवर तर मुळीच नको, साधा रिपीटर त्याच हवेत तीच गोष्ट दुसऱ्यांदा बोलतो आणि वेग निम्मा करून ठेवतो. इलेक्ट्रिशियनला सांगून कॅट ६ ची वायर पॅसेजपासून बेडरूमपर्यंत पट्टीतून ओढून घ्या आणि पॅसेजमधला राउटर तिकडे हलवा. वायर निव्वळ तांब्याची मागा. दुकानात 'सीसीए' म्हणून स्वस्तात मिळते ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची, ती घेऊ नका. टोकं लावून झाल्यावर लॅपटॉप त्या वायरला जोडून लिंक स्पीड बघा. राउटरचे पोर्ट गिगाबिटचे असतील तर १००० दिसायला हवं. १०० दिसलं तर आठपैकी एखादी तार नीट बसलेली नाही, इलेक्ट्रिशियनचे पैसे देण्याआधी त्याच्याकडून टोक पुन्हा मारून घ्या.